धरलेली जागा

“टीनी, माझी खुर्ची कुठंय?”

रॉस्को पेटवे भर रस्त्यात गाडी उभी करून, दार सताड उघडं टाकून मला विचारत होता. मी आमच्या ओट्यावर वाल सोलत बसले होते. त्याच्या मागे अडकलेल्या गाड्या भोंगे वाजवत होत्या, फुटपाथवरून हिरव्या शर्टांचा लोंढा स्टेडियमकडे चालला होता, आणि जिथे रॉस्कोची पिवळी खुर्ची असायला हवी, तिथे कुणाची तरी पांढरी धूड गाडी ऐसपैस उभी होती.

“सकाळी होती की! मी पाहिली ना,” मी ओरडून सांगितलं.

“मग पाय फुटले का तिला?”

रॉस्को असा बोलणारा माणूस नव्हे. जन्म पाणीखात्यात गेला त्याचा. रस्त्याखालच्या नळांची गळती शोधायची, खड्ड्यात उतरून ती बंद करायची, वर येऊन टोपी काढून बायकांना नमस्कार करायचा. इतक्या वर्षांत त्याचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. पण गाडीत पुढच्या सीटवर त्याची बायको आयडेला काचेला डोकं टेकून बसली होती. डायलिसिसहून आणलं होतं तिला. मंगळवार, गुरुवार, शनिवार, वर्षभर हेच चाललं होतं. तिथून आली की तिच्या अंगात काही उरत नसे. गाडी दाराशी लागली तर रॉस्कोच्या खांद्यावर भार टाकून ती कशीबशी पायऱ्या चढे. गाडी लांब लागली तर तेवढंही जमायचं नाही.

आता खुर्चीचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल की एका खुर्चीसाठी एवढा गहजब कशाला. खुर्चीसाठी माणसं काय काय करतात ते मोठ्या लोकांत आपण बघतोच, पण आमची गोष्ट साधी आहे. आमच्या कॉब स्ट्रीटवर दारापुढच्या रस्त्यात स्वयंपाकघरातली खुर्ची मांडली, की ती जागा धरली गेली. पूर्वी हे फक्त हिवाळ्यात चालायचं. ज्याने फावड्याने बर्फ उपसला, जागा त्याची. पुढे स्टेडियम आलं आणि मॅचच्या दिवशी स्वतःच्या दारात गाडी लावायची पंचाईत झाली, तेव्हापासून खुर्च्या उन्हाळ्यातही बाहेर आल्या. कुणी कुणाच्या खुर्चीला हात लावायचा नाही. कोपऱ्यावरच्या घरात नशेची पुडकी विकली जायची, त्या दिवसांतही ती टोळकी खुर्चीला वळसा घालून जात. एकदा त्यांच्यातल्या एकाने मोटारसायकल लावायला खुर्ची सरकवली, तर त्याच्याच आजीने भर रस्त्यात त्याला चपलेने झोडपलं होतं.

स्टेडियम इथेच का, तर म्हणे जमीन स्वस्त. स्वस्त का, तर म्हणे गुन्हे फार. आमची शाळा पाडली, लाँड्री पाडली, माउंट नेबो चर्च पाडलं. ज्या शाळेसाठी मी बस चालवली, तिच्या जागी आता म्हणे बेसबॉलच्या मैदानाची डावी बाजू आहे. वस्ती सुधारेल म्हणाले होते आणि सुधारली बाई, नाही कशाला म्हणू? कोपऱ्यावरचं ते घर गेलं, तिथे कॉफीचं दुकान आलं. गोळीबाराच्या आवाजाने मुलांना पलंगाखाली ढकलायचे दिवस गेले, त्याचं मला काडीचं दुःख नाही. माझ्या नवऱ्याला दुकानाच्या दारात लुटून त्याचं डोकं फोडलं, तेव्हा पोलीस दुसऱ्या दिवशी उगवले होते आणि वर मलाच विचारत होते, “दारू प्यायला होता का?” आता फोन करायचा अवकाश, दारात हजर. फक्त फोन कोण करतं आणि कुणाविरुद्ध करतं, एवढंच विचारू नका. सुधारणा झाली तशी आमची माणसं एकेक करून घरं विकून गेली. घरपट्टीच अशी वाढली की दुसरा इलाज नव्हता.

तर रॉस्को खुर्ची शोधत होता.

“पेटवे, जाऊ दे ना रे,” आयडेला आतून म्हणाली. ती त्याला लाडाने आडनावानेच हाक मारायची. “पुढे कुठेतरी लाव. मी येते चालत.”

“तू चालत येणार? परवा न्हाणीघरापर्यंत जाताना चक्कर कुणाला आली होती? मला?”

“मागचे लोक शिव्या देतायत.”

“देऊ देत. आज शिव्यांनीच पोट भरूया.”

आणि तेवढ्यात त्याला ती दिसली. शेजारच्या ओट्यावर, ब्रिनच्या दाराशी त्याची पिवळी खुर्ची होती आणि तिच्यावर फुलांची कुंडी होती.

ब्रिन म्हणजे वसंतात राहायला आलेली गोरी मुलगी. ब्रिन! हे काय नाव झालं, दाराची घंटा वाजल्यासारखं. नवरा कामासाठी सारखा परगावी, ही दिवसभर घरात कानाला ते हेडफोनचं यंत्र लावून संगणकापुढे. आली त्या आठवड्यात तिने मला केळ्याचा केक आणून दिला होता. साखर कमी होती, पण मनाने दिला होता. मुलगी वाईट नव्हती, हे मी तेव्हाही म्हणत होते. पण तिच्या लोकांत रस्त्याच्या कडेला खुर्ची ठेवली म्हणजे ती टाकून दिलेली, हवी त्याने न्यावी, असा अर्थ होतो. आमच्यात त्याचा अर्थ नेमका उलटा. तिने सकाळी फिरून येताना पाहिली, आवडली, उचलून नेली. जागा मोकळी झाली आणि मॅचला आलेल्या कुणीतरी तिथे गाडी घुसवली. कुणाच्या मनात काळंबेरं नव्हतं, आणि तरी हे सगळं झालं.

रॉस्को तिच्या पायऱ्या चढला. दार वाजवलं. थांबला. मग मुठीने वाजवलं. कानाला यंत्र लावलेल्या माणसाला काय ऐकू येणार? मी वरच्या खिडकीचा पडदा हललेला पाहिला. रॉस्कोने वर पाहिलं नाही. त्याने कुंडी दोन्ही हातांनी उचलली, बाजूला भिंतीशी अलगद ठेवली, एक फूल वाकलं होतं ते सरळ केलं आणि खुर्ची घेऊन उतरला. एवढं मी नीट पाहिलं. चोर फुलं सरळ करत बसतो का, सांगा. पण वरून पाहणाऱ्याला काय दिसलं? एक दांडगा काळा म्हातारा दारावर गुद्दे घालतो आणि ओट्यावरची वस्तू उचलून नेतो. तिने फोन फिरवला.

इकडे मागच्या गाडीतला एक जण खाली उतरला होता. हिरवा शर्ट, हिरवी टोपी, तोंड लालभडक.

“ए आजोबा! गाडी काढ! मॅच सुरू झाली आमची!”

“काढतो. बायकोला उतरवतो आणि काढतो.”

“मग उतरव ना! खुर्ची घेऊन काय नाचतोयस?”

आयडेलाला रस्त्यावर तमाशा झालेला खपत नसे. चर्चमध्ये कुणी मोठ्याने शिंकलं तरी ही वळून बघायची. तिने स्वतःच दार उघडलं. मी ओरडले, “आयडेला, थांब गं!” पण ऐकते कुठली. तिने दाराची कड धरली आणि सगळा भार त्या हातावर टाकून उठायला गेली. नेमका डावा हात. ज्या हातात डायलिसिसच्या सुया टोचतात, तो.

पहिल्यांदा मला वाटलं, तिने लाल ओढणीसारखं काहीतरी हातात धरलंय. मग तिने मान खाली घालून पाहिलं आणि म्हणाली, “अगं बाई.” इतक्या हळू म्हणाली की मला फक्त ओठ हललेले दिसले.

त्या हाताची शीर साधी नसते. डॉक्टरांनी ती थेट धमनीला जोडलेली असते. ती फुटली की रक्त गळत नाही, उडतं. आयडेलानेच मला एकदा नर्सचं बोलणं सांगितलं होतं. असं झालं तर अंगठ्याने दाबायचं आणि सोडायचं नाही. थांबलं का ते बघायलासुद्धा सोडायचं नाही.

रॉस्को धावला. सत्तरी उलटलेला माणूस, गुडघे गेलेले, पण असा धावला! एका हाताने खुर्ची रस्त्यात टेकवली, दुसऱ्याने तिला बसवलं आणि आपला अंगठा त्या भोकावर दाबला. रक्त त्याच्या शर्टावर, पिवळ्या खुर्चीवर, गाडीच्या दारावर. मग ते थांबलं. अंगठ्याखाली थांबलं.

“टीनी! ॲम्ब्युलन्स!”

माझी वालाची परात कुठे पडली, मला आठवत नाही. फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, मॅचमुळे रस्ते बंद आहेत, गाडी निघालीय, वेळ लागेल. मी म्हटलं, “स्टेडियमच्या फाटकाशी तुमच्या तीन गाड्या नुसत्या उभ्या आहेत, मला दिसतात!” ती म्हणाली, “त्या स्टेडियमसाठी आहेत, मॅडम.”

ॲम्ब्युलन्स यायच्या आधी पोलीस आले. कोपऱ्यावरच असतात ना मॅचच्या दिवशी. दोघे जण. एक जाड, तो गर्दी हटवायला मागे थांबला. दुसरा एकदम कोवळा, मिसरूडही धड न फुटलेला. नवीन बूट करकरत होते. त्याच्या कानात काय सांगितलं होतं? म्हातारा चोरी करतोय, आरडाओरडा करतोय. आणि समोर काय दिसलं? रस्त्याच्या मध्ये खुर्चीवर एक बाई, रक्ताने भिजलेली, आणि तिच्यावर ओणवून तिचा हात आवळून धरलेला तोच म्हातारा.

“बाजूला हो! हात वर कर!”

रॉस्कोने मान वर केली. हात वर केले नाहीत.

“हात वर! ऐकू येत नाही का?”

“येतं,” रॉस्को म्हणाला. “पण जमणार नाही, साहेब.”

पोराचं पिस्तूल बाहेर आलं. हिरवे शर्ट एकदम मागे सरले, कुणीतरी किंचाळलं, कुणीतरी मोबाइल वर धरला. मी तोवर ओट्यावरून उतरले होते. कशी उतरले, माहीत नाही. पण आवाज शाबूत होता. पन्नास पोरांच्या बसमध्ये मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज आहे माझा.

“ए बाळा! ती त्याची बायको आहे! रक्त थांबवतोय तो! त्याच्या अंगठ्याकडे बघ!”

“मॅडम, मागे व्हा!”

“मागे काय होऊ? तू पुढे होऊन बघ!”

“मागे व्हा म्हणतोय!” त्याचा आवाज चिरकला. तेव्हा मला खरी भीती वाटली. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते. हा घाबरलेला होता.

त्याने परत रॉस्कोकडे पाहिलं. “शेवटचं सांगतोय. बाईला सोड आणि हात वर कर.”

“साहेब,” रॉस्को अगदी हळू म्हणाला, नळाच्या खड्ड्यातून वरच्या माणसाला सांगावं तसं. “माझा उजवा हात हा इथे आहे. डावा तिच्या पाठीला आहे. दोन्ही तुम्हाला दिसतायत. तुम्हाला गोळी घालायची असेल तर घाला. पण मी हात काढला तर ही मरेल. मी काढणार नाही.”

आणि नेमकी तेव्हाच स्टेडियममध्ये तोफ उडाली.

आमच्या टीमने चेंडू मैदानापार धाडला, की ते तोफ उडवतात. वर धुराचे हिरवे गोळे जातात आणि आमच्या खिडक्या खडखडतात. आम्हाला सवय आहे. त्या पोराला नव्हती. तो दचकला, खांद्यापर्यंत दचकला, आणि त्याचे दोन्ही हात पिस्तुलासकट वर उडाले. मी डोळे मिटले. देवा, मी म्हटलं, आता नको. चाळीस हजार लोक पलीकडे नाचत होते आणि मी डोळे मिटून दुसऱ्या आवाजाची वाट पाहत होते.

दुसरा आवाज आला नाही. आला तो आयडेलाचा.

“बाळा,” ती म्हणाली. चेहरा राखेसारखा झाला होता, पण शब्द स्पष्ट होते. “तुझं नाव काय रे?”

“नोवाक, मॅडम.”

“नोवाक, हा माणूस लग्नापासून माझं एक वाक्य ऐकत नाही. तुझं काय ऐकणार? ते खाली ठेव आणि कुणाकडून तरी टॉवेल आण. मला थंडी वाजतेय.”

ऑगस्टच्या उन्हात थंडी वाजत होती तिला. पोराने तिच्याकडे पाहिलं, मग अंगठ्याकडे, मग खाली रस्त्यावरच्या डागाकडे. पिस्तूल खाली आलं. म्यानात घालताना दोनदा चुकलं त्याचं. मग तो गुडघ्यावर बसला आणि रेडिओवर ओरडायला लागला, की स्टेडियमची ॲम्ब्युलन्स पाठवा, आत्ताच्या आत्ता पाठवा. आमच्या फोनने जी हलली नव्हती, ती त्याच्या ओरडण्याने हलली.

टॉवेल ब्रिनने आणला. धावत आली, पायात चप्पल नाही, तोंड रडवेलं.

“मला वाटलं टाकून दिलेली आहे! खुर्ची... रस्त्यात होती... मला वाटलं...”

“आणि फोन? तो का केलास?” मी विचारलं. “खाली येऊन विचारायला जीभ नव्हती? माझा नंबर नव्हता? केक घेऊन आलीस तेव्हा रस्ता माहीत होता की!”

“टीनी,” रॉस्को म्हणाला. “नंतर.”

मी तिच्या हातातून टॉवेल घेऊन आयडेलाभोवती गुंडाळला. पण माझ्या मनातलं गप्प बसलं नाही, ते आजही पुरतं बसलेलं नाही.

ॲम्ब्युलन्सची माणसं स्ट्रेचर घेऊन हिरव्या गर्दीतून चालत आली. त्यांच्यातली बाई वाकून म्हणाली, “शाबास. आता मी धरते. तुम्ही सोडा.” रॉस्कोला सोडताच येईना. अंगठा तसाच अडकून बसला होता. तिने एकेक बोट उचलून त्याचा हात सोडवला. आयडेलाला नेलं. रॉस्को तिच्या बाजूने चालत गेला, तो अंगठा तसाच पुढे धरून, जणू अजून खाली काहीतरी आहे. हिरव्या टोपीवाला आपल्या गाडीजवळ उभा होता. त्याने टोपी काढली होती. रॉस्कोची गाडी मी बाजूला लावली. मग खुर्ची धुतली. फटीत गेलेलं निघालं नाही.

आयडेला त्या वेळी वाचली.

महिन्याभराने आमच्या रस्त्यावर खांबाखांबाला नव्या पाट्या लागल्या. रस्त्यावर सामान ठेवून जागा अडवणे हा गुन्हा, सामान जप्त, दंड वेगळा. कुणीतरी तक्रार केली असणार, किंवा त्या दिवसाचं चित्रण कुण्या मोठ्या माणसाने पाहिलं असणार. त्यातून त्याला एवढंच समजलं की सगळ्या भानगडीचं मूळ खुर्ची आहे. मॅचच्या सकाळी पालिकेची उघडी गाडी फिरायला लागली. तिच्यात आमच्या स्वयंपाकघरातल्या खुर्च्या उलट्यापालट्या पडलेल्या असत. पेपरात आलं की स्टेडियमच्या परिसरात गुन्हे आणखी घटले. असतील. आमची खुर्ची मात्र आता गुन्ह्यात जमा झाली होती.

रॉस्कोने खुर्ची परत बाहेर काढली नाही. भीतीने नव्हे, असं तो म्हणे. डायलिसिसची वेळ त्याने बदलून घेतली, पहाटेची. पण पोलिसांची गाडी रस्त्यातून हळू गेली की ओट्यावर बसलेला रॉस्को दोन्ही हात कठड्यावर उताणे ठेवायचा आणि गाडी वळेपर्यंत हलवायचा नाही. मी पाहिलं आहे हे त्याला माहीत होतं.

आयडेला मार्चच्या शेवटी गेली. हृदयाने गेली, झोपेत. त्या हाताने नाही. मी तिचे केस विंचरले आणि तिला निळा पोशाख घातला, त्या पोशाखाच्या बाह्या लांब होत्या.

आणि दैव बघा कसं आडवं येतं. अंत्यविधीचा दिवस आला तो नेमका हंगामाच्या पहिल्या मॅचचा. दुसरी वेळ पाद्रीबाबांकडे नव्हती. आमच्यात अंत्यविधीची लांब काळी गाडी घरच्यांना न्यायला घराच्या दारातच यावी लागते. कोपऱ्यावर उतरून हिरव्या शर्टांतून वाट काढत काळ्या कपड्यांत कुणी चालत जात नाही. दफन करणाऱ्या कंपनीचा माणूस आदल्या दिवशी येऊन रस्ता बघून गेला आणि म्हणाला, “मिस्टर पेटवे, उद्या इथे गाडी कशी लावायची?”

“जागा असेल,” रॉस्को म्हणाला.

सकाळी मी दार उघडलं तर थंडगार वारा, आणि रस्त्यात पिवळी खुर्ची. पाटीच्या बरोबर खाली. पालिकेची गाडी यायची होती, पोलीस कोपऱ्यावर उभे राहायला लागले होते. मी आत गेले आणि माझी खुर्ची आणून माझ्या दारापुढे मांडली. न्यायची तर दोन्ही न्या म्हटलं, माझ्या नावानेही दंड फाडा. पलीकडच्या म्हाताऱ्या ग्रेडीने पाहिलं आणि तोही आपली खुर्ची घेऊन आला. मग मिसेस स्टॅलवर्थ. पूर्वीचे दिवस असते तर टोकापासून टोकापर्यंत रस्ता भरला असता. आता आम्ही उरलोय किती? रस्त्यात सगळ्या मिळून पाच-सहा खुर्च्या, मध्ये मोठी मोठी अंतरं.

आणि एक कापडाची, घडीची, बागेत ठेवतात तसली. किमतीची चिठ्ठीसुद्धा अजून लटकत होती. ब्रिनने ती आणली आणि रॉस्कोच्या खुर्चीला खेटून मांडली. मी तिच्याकडे पाहिलं. हिवाळाभर मी तिच्याशी चार शब्द बोलले नव्हते.

“मिस टीनी, अशी मांडायची ना?” तिने विचारलं.

“तोंड घराकडे करायचं,” मी म्हटलं.

काळी गाडी वेळेवर आली. रॉस्को गडद सूट घालून उतरला, स्वतः खुर्ची उचलून बाजूला घेतली, गाडी लागली. घरचे बसले, मीही बसले. गाडी निघते तोच तो ड्रायव्हरला म्हणाला, “जरा थांब बाबा.” खाली उतरला आणि खुर्ची परत होती तिथे ठेवली.

“परत आल्यावर लागेल,” तो म्हणाला.

चर्चमध्ये काय बोलले, काय गायले, माझं लक्ष नव्हतं. देवा माफ कर, पण मला ती उघडी गाडी दिसत होती आणि तिच्यात पाय वर करून पडलेली पिवळी खुर्ची. आज नको, आज तरी नको, एवढंच मी म्हणत होते. आयडेलाला जमिनीत ठेवून आम्ही परतलो तेव्हा मॅच ऐन रंगात आली होती. कॉब स्ट्रीटवर मुंगी शिरायला जागा नव्हती. माझी खुर्ची गेली होती. ग्रेडीची गेली होती. सगळ्यांच्या गेल्या होत्या आणि तिथे परक्या गाड्या उभ्या होत्या.

पिवळी तिथेच होती. तिच्या शेजारी ब्रिन आपल्या कापडी खुर्चीत बसलेली होती, कोटाची कॉलर वर करून, एक हात पिवळ्या खुर्चीच्या पाठीवर घट्ट धरून. थंडीने तिचं नाक लाल झालं होतं. मांडीवर दंडाचा कागद होता. जरा पुढे नोवाक, तोच पोरगा, वाहतुकीला हात दाखवत उभा होता आणि आमच्याकडे पाठ करून होता.

“त्यांनी उठायला सांगितलं,” ब्रिन म्हणाली. दात वाजत होते तिचे. “मी म्हटलं, ही जागा रिकामी नाहीये.”

मी माझी शाल काढून तिच्या खांद्यावर टाकली.

काळी गाडी आम्हाला सोडून गेली. जागा परत मोकळी झाली. एका गाडीवाल्याने काच खाली करून विचारलं, “काका, काढताय का ती खुर्ची?”

रॉस्कोने टोपी काढली. “नाही,” म्हणाला. आणि त्या खुर्चीत बसला. आयुष्यभर ती मांडली त्याने, उचलली त्याने, पण तिच्यात बसलेलं मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं.

पलीकडे तोफ उडाली. खिडक्या खडखडल्या. हिरवे शर्ट ओरडत त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेले. रॉस्कोने डावा हात मांडीवर उताणा ठेवला, उजव्या हाताचा अंगठा त्याच्या मनगटावर दाबला आणि तसाच दाबून धरला.